मंगळवारचं पाणी

आपल्या गाडीत पाणी शिरतं आहे हे कळल्यावर माणसाला हसू यावं, हे ऐकायला विचित्र वाटेल. मार्च महिन्यातल्या त्या सकाळी मी भिलाईच्या सेक्टर दोनमधल्या आमच्या क्वार्टरसमोर गुडघे टेकून बसलो होतो. गाडीच्या डाव्या दारातून हात आत घातला होता. कार्पेटखालच्या जाड लोकरी थरावर, नमद्यावर, बोटं दाबली आणि पाणी वर आलं. काळपट, कुजक्या वासाचं. मी बायकोकडे पाहिलं आणि आम्ही दोघंही हसायला लागलो. वडील मागे खुर्चीवर बसले होते. ते हसले नाहीत. नुसतं म्हणाले, "पाह्यलं न?"

त्याच्या आधीचा अख्खा हिवाळा मी ज्या रीतीने काढला, त्याची मला लाज वाटते. म्हणून हे लिहितो आहे.

वडिलांनी इथल्या पोलाद कारखान्यात, म्हणजे प्लांटमध्ये, आयुष्यभर क्रेन चालवली. आमचं मूळ गाव गोंदियाकडचं, घरची शेती होती; पण मला आठवतात ते शिफ्टचे वडील. रविवार त्यांना कधी मिळाला नाही. त्यांचा वीकली ऑफ मंगळवारी असायचा. रिटायर होऊन इतकी वर्षं झाली, आई गेली, ते माझ्या क्वार्टरमध्ये राहायला आले, तरी त्यांचा मंगळवार सुटलेला नाही. मंगळवारी ते उशिरा दाढी करतात, मंगळवारीच न्हाव्याकडे जातात, आणि मंगळवारी नळाला पाणी असतं तोवर पाइप लावून गाडी धुतात. गाडी म्हणजे त्यांनी नोकरीच्या शेवटच्या वर्षांत घेतलेली पांढरी, छोटी पेट्रोल गाडी. आता ती पांढरी कमी आणि पिवळट जास्त आहे. आमच्याकडे प्लांटची बारीक काळी धूळ सगळ्यावर बसते, उन्हात ती चमचमते. वडिलांना ती गाडीवर एक आठवड्यापेक्षा जास्त चालत नाही.

गाडीत पायाखाली घालायच्या चटया त्यांनी स्वतः कापलेल्या. कोळसा वाहणाऱ्या कन्व्हेयरचा जुना रबरी पट्टा भंगारात मिळतो. भिलाईत त्या पट्ट्याचं काय वाट्टेल ते करतात: दारातलं पायपुसणं, गोठ्यातल्या म्हशीखालचं अंथरूण, स्कूटरचं मडफ्लॅप. बोटभर जाड, वजनदार, आणि मरत नाही. वडील म्हणायचे, गाडी जाईल पण चटई राहील.

पहिल्यांदा गाडी बंद पडली ती बोरसीला. आत्याकडे ते दर बुधवारी जातात. त्या बुधवारी आत्याच्या दारातून निघताना चावी फिरवली तर नुसतं टक् झालं. फोन आला तेव्हा मी ड्यूटीवर होतो. कोहक्यातल्या एका इलेक्ट्रिशियनला पाठवलं. त्याने दुसऱ्या बॅटरीवरून गाडी चालू करून दिली, गाडी तपासली, काही सापडलं नाही. मला फोनवर म्हणाला, "भैया, अंकल लाइट चालू छोड़ दिए होंगे."

संध्याकाळी मी वडिलांना तेच विचारलं. ते म्हणाले, लाइट त्यांनी लावलेच नव्हते, दिवसा कशाला लावतील. मी बरं म्हणालो.

मग नवी बॅटरी आली. नवीन बॅटरीसुद्धा काही दिवसांनी एका सकाळी मेलेली. मग मध्ये बरेच दिवस सगळं ठीक. मग पुन्हा. इलेक्ट्रिशियनकडे गाडी उभी करावी तर तिथे ती शहाण्यासारखी वागायची. त्याने डायनामो तपासला, वायरी हलवून पाहिल्या, आणि प्रत्येक वेळी तेच म्हणाला. वडील मात्र वेगळंच सांगायला लागले. एकदा म्हणाले, वायपर आपोआप एकदा फिरून थांबला. एकदा म्हणाले, दारांची लॉकं आपल्या आपण खटखट वाजली. एकदा जेवताना सांगितलं की आत कुणी नसताना गाडीतला वरचा दिवा जळत होता.

मी पोळी मोडता मोडता बायकोकडे पाहिलं. वडिलांनी ते पाहिलं असणार. त्यानंतर त्यांनी गाडीबद्दल बोलणं कमी केलं.

माझ्या मनात तेव्हा काय चाललं होतं ते सांगायला हवं. वडिलांचे थोरले भाऊ, आमचे मोठे बाबा, गावाकडे शेवटच्या काळात सगळं विसरले होते. सुरुवात त्यांचीही अशीच झाली होती. मोटरपंप चालू ठेवून यायचे आणि तो आपोआप सुरू झाला असं शपथेवर सांगायचे. शेवटी त्यांनी माझ्या वडिलांना ओळखलं नव्हतं. ती भीती त्यांच्या मनात होती, माझ्याही होती. मग मी पुरावे गोळा करायला लागलो. चष्मा कुठे ठेवला ते विसरले, दुधाची पिशवी आणायची राहिली, एकाच बातमीबद्दल दोनदा बोलले. या गोष्टी माझ्याकडूनही होतात. पण माझ्या मी मोजत नव्हतो.

मी त्यांना डॉक्टरकडे नेलं. रक्तदाब दाखवायला जाऊ असं सांगून नेलं, आणि डॉक्टरांना आधीच फोनवर सांगून ठेवलं होतं की वडील लाइट बंद करायचे विसरतात आणि दिवे आपोआप लागतात म्हणतात. डॉक्टरांनी बोलता बोलता काही प्रश्न विचारले, आजचा वार कोणता, शंभरातून सात वजा करत जा. वडिलांनी सगळी उत्तरं नीट दिली. शेवटी डॉक्टरांकडे पाहून म्हणाले, रक्तदाबासाठी आता वजाबाकी लागते का. डॉक्टर हसले. मला म्हणाले, आत्ता तरी काळजीचं दिसत नाही, पण गाडी चालवण्यावर लक्ष ठेवा.

मी त्यातलं अर्धंच ऐकलं. घरी आल्यावर, सर्व्हिसिंगला द्यायची आहे असं सांगून टीव्हीजवळच्या खिळ्यावरून गाडीची चावी काढली आणि माझ्या कपाटात ठेवली. दुसरी चावी आधीच माझ्याकडे होती. सर्व्हिसिंग काही झालं नाही. वडिलांनी चावी परत मागितली नाही. बोरसीला जायला ते शेअर ऑटो धरायला लागले. मंगळवारी मात्र पाइप घेऊन गाडी धूतच राहिले, नेहमीसारखी, टपावरून काचेवर, काचेवरून बॉनेटवर. ज्या गाडीत बसायचं नाही ती ते पुसून लख्ख करत होते आणि मी खिडकीतून बघत चहा पीत होतो.

मग एका मंगळवारी संध्याकाळी कोहक्याला लग्न होतं. इतके दिवस उभ्या गाडीची बॅटरी उतरलेलीच होती, ती चार्ज करून आणली आणि बायकोला घेऊन मी गाडी काढली. परतल्यावर शेडमध्ये लावली. लाइट बंद केले, ते मला पक्कं आठवतं, कारण बंद करताना वडिलांचाच विचार आला होता. चावी कपाटात ठेवली. सकाळी बायकोला दवाखान्यात सोडायचं होतं. चावी फिरवली. टक्.

आधी वाटलं, म्हणजे मीच विसरलो. लाइटचा दांडा पाहिला. तो बंदच होता. त्या दांड्याकडे बघता बघता मला एक लाल चिंधी आठवली.

हिवाळ्यात, चावी काढून घेण्याच्या आधी, मला त्या दांड्याला बांधलेली एक लाल चिंधी दिसायची. जुन्या रजईच्या खोळीची, बोटभर रुंद पट्टी. दोनतीनदा पाहिली. वडील काहीतरी विचित्र करायला लागले आहेत याचा मी तो आणखी एक पुरावा धरला. एकदा तर ती सोडून तिनेच काच पुसली आणि फेकून दिली. त्या दिवशी वडिलांनी विचारलं होतं, "ते चिंधी कुठं टाकली बे?" मी म्हणालो होतो, घाणेरडी होती.

मी प्लांटमध्ये मेंटेनन्सला आहे. कुठल्याही मशीनला हात लावण्याआधी आम्ही तिची वीज बंद करवतो आणि स्विचवर लाल टॅग लावतो. टॅग लटकत असेल तर स्विच बंद आहे, आणि कुणीतरी तो स्वतःच्या हाताने बंद केला आहे. ज्याने लावला त्यानेच तो काढायचा. दुसऱ्याने नाही, साहेबाने पण नाही. हे आमच्याकडे नव्या माणसाला पहिल्या दिवशी शिकवतात, आणि मी स्वतः कितीतरी पोरांना शिकवलं आहे. वडिलांनी लाइट बंद करून टॅग लावला होता. मुलगा विश्वास ठेवत नाही, आणि कदाचित स्वतःवरही पूर्ण विश्वास उरलेला नाही, म्हणून सकाळी उठून स्वतःची खात्री करून घ्यायला. टॅग जागेवर, दांडा बंद, आणि बॅटरी तरी मेलेली. म्हणजे त्यांच्यापाशी उत्तर होतं. मी त्या टॅगने काच पुसली होती.

बायको ऑटोने गेली. मी आत गेलो. वडील पेपर वाचत होते. मी सांगितलं की काल गाडी मी चालवली, लाइट मी बंद केले, चावी माझ्या कपाटात होती, आणि आज बॅटरी उतरली आहे. ते चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिले. मग पेपराची घडी करायला त्यांना बराच वेळ लागला.

"म्हणजे मी नाई," ते म्हणाले.

"नाही बाबा."

"मले बी वाटाले लागलं होतं का मीच असन." एवढं बोलून ते उठून चप्पल शोधायला लागले. टॅगचं आणि डॉक्टरचं सगळं मी त्यांना सांगितलं, पण ते दुसऱ्या दिवशी, तारा हातात असताना. समोरासमोर बसून मला ते जमलं नसतं.

फॉल्ट शोधायची त्यांची पद्धत क्रेनवरची होती. क्रेनमध्ये मध्येच करंट जातो, मध्येच येतो. इलेक्ट्रिशियन येतो तेव्हा ती नेमकी चालते. मग एकेक भाग तोडून पाहायचा, आणि फॉल्ट आला तेव्हा जे जे चालू होतं ते सगळं तसंच पुन्हा करायचं. मी बॅटरी चार्ज करून आणली. वडिलांच्या सांगण्यावरून बॅटरीचा निगेटिव्ह सोडला आणि बॅटरी आणि केबलच्या मध्ये इंडिकेटरचा एक छोटा बल्ब जोडला. गाडी बंद असताना कुठून करंट गळत असेल तर तो बल्ब पेटणार होता.

बल्ब पेटला नाही. आम्ही दारं उघडली, बंद केली, वायरी हलवल्या. वडील खुर्ची आणून बसले. संध्याकाळ झाली तरी बल्ब तसाच. मला घाबरायला झालं. पुन्हा सगळं त्यांच्यावर येऊन पडणार असं वाटलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरही तेच दिसत होतं.

अंथरुणावर पडल्या पडल्या मी मागचे सगळे प्रसंग आठवत गेलो. बोरसीला बंद पडली तो बुधवार. कारण आत्याकडे ते बुधवारीच जातात, म्हणून त्यात मला कधी काही वाटलं नव्हतं. पण बाकीच्याही सकाळी? बायकोला विचारलं. ती म्हणाली, एकदा तिच्या उपासाच्या खिचडीचा साबुदाणा भिजत होता तेव्हा, म्हणजे गुरुवार. आणि आत्ताचा हा बुधवार. प्रत्येक वेळी आदल्या दिवशी किंवा त्याच्या आदल्या दिवशी मंगळवार होता.

सकाळी वडिलांना सांगितलं तर ते आधी चिडले. "मंगळवारी मी गाडी धुतो, बिघडवत नाई." मग स्वतःच थांबले. नळाला पाणी होतं. ते पाइप आणायला गेले.

बायको आत बसली, डावीकडे, मोबाइलचा टॉर्च लावून. मी बॅटरीपाशी बल्बवर नजर ठेवून उभा. वडिलांनी नेहमीसारखं पाणी सोडलं. आमचं शेड मुळात स्कूटरसाठी केलेलं. गाडीचं तोंड बाहेर राहतं, कडुनिंबाखाली. पानगळ सुरू होती, बॉनेटवर पिवळी पानं पडतच होती. पाणी काचेवरून खाली गेलं आणि वायपरखालच्या प्लास्टिकच्या जाळीत शिरलं. तिथून ते बाजूने खाली पडायला हवं होतं. पडत नव्हतं.

"अजी," बायको आतून म्हणाली, "इथं वरून पाणी येऊन राहिलं."

"कुठून?"

"हवेच्या पंख्याच्या डब्यातून. माह्या पायावर."

त्याच वेळी माझ्यासमोर बल्ब मंद पेटला, विझला, आणि मग पेटून तसाच राहिला. मी वडिलांना हाक मारली. त्यांनी पाइप तसाच वाहता टाकला आणि येऊन वाकून त्या बल्बाकडे बघत राहिले. एवढासा पिवळा उजेड होता तो.

मग फ्यूज एकेक काढत गेलो. आतल्या दिव्याचा आणि दारांच्या लॉकचा फ्यूज काढल्याबरोबर बल्ब विझला. लावला, पेटला. वडिलांनी मला तो पुन्हा काढायला आणि लावायला सांगितला, नंतर आणखी एकदा. गरज नव्हती. त्यांना बघायचं होतं, म्हणून मी करत राहिलो.

कन्व्हेयरची चटई उचलली. वर नुकतेच पडलेले थेंब सोडले तर ती कोरडी होती, तिच्याखालचं कार्पेटही वरवर ठीक वाटत होतं. त्याच्या खालचा नमदा मात्र भिजून जड झाला होता, आणि तो जिथे संपतो तिथे, दाराच्या कोपऱ्यात, वायरींचा एक जोड त्या पाण्यात लोळत होता. जोडाच्या आतले तांब्याचे खिळे हिरवे पडले होते. मी बोटं दाबली, पाणी वर आलं, आणि सुरुवातीला सांगितलं ते हसू तिथे आलं. वायपरखालची जाळी काढली तर पाणी जायचं भोक कडुनिंबाच्या पानांनी आणि काळ्या धुळीने बुजलेलं होतं. थर इतका घट्ट होता की स्क्रूड्रायव्हरने कोरावा लागला. पावसाळ्यात ते भोक उघडं असणार, म्हणून तेव्हा काही झालं नाही. मग धूळ आणि पानं साचत गेली, आणि दर मंगळवारचं पाणी पंख्याच्या डब्यातून आत उतरायला लागलं. कधी जास्त, कधी कमी. पाणी जोडाखाली उतरलं की गाडी शहाणी, पुन्हा चढलं की दिवा आपला आपण जळायचा, लॉकं खटखटायची, वायपरसुद्धा एखादवेळी फिरला असेल, आणि बॅटरी रात्रभरात रिकामी.

वडिलांनी चटई उलटी करून पाहिली. "पट्ट्यानं झाकून ठेवलं सारं," ते म्हणाले. "नाई तं पाय ठेवल्याबरोबर समजलं असतं." त्यांना थोडा दोष आपल्याकडे घ्यायचा होता असं मला वाटलं, म्हणजे माझ्याकडे कमी राहील. मी तेव्हाच त्यांना टॅगचं सांगितलं, वायरींचा जोड पेट्रोल आणि दात घासायच्या जुन्या ब्रशने घासत असताना. डॉक्टरचंही सांगितलं.

"डॉक्टरचं मले तवाच समजलं होतं," ते म्हणाले. "वजाबाकी कोन इचारते बे, बीपीसाठी." आणि मग चटई भिंतीला टेकवत, "टॅगचं मात्र तुले समजाले पाह्यजे होतं."

एवढंच ते मला बोलले. त्या विषयावर पुन्हा कधी बोललेले नाहीत.

कार्पेट, नमदा आणि पट्ट्याची चटई आम्ही कुंपणावर वाळत घातली. शेजारची बाई येऊन विचारून गेली की म्हैस कधी घेतली. बायकोने वरण-भात वाढला. जेवून वडील आतल्या खोलीत आडवे झाले आणि झोपले. बायको मला हळूच म्हणाली की इतके दिवस ते पहाटे पहाटे उठून शेडमध्ये जाऊन यायचे, तिला दार वाजलेलं ऐकू यायचं. गाडीतला दिवा जळतो आहे का ते बघत असावेत. मला ते माहीत नव्हतं. त्या दुपारी ते घोरत होते, चांगले मोठ्याने, चहाची वेळ टळली तरी, आणि आम्ही दोघं स्वयंपाकघरात आवाज न करता बसून ते ऐकत होतो.

नमदा वाळायला वेळ लागला. तो बसवला, जोड वर उचलून बांधला, जाळीखाली कोंबडीच्या पिंजऱ्याची बारीक जाळी लावली म्हणजे पानं अडतील. पुढच्या मंगळवारी वडिलांनी गाडी धुतली. आम्ही तिघांनी आळीपाळीने चटईखाली हात घालून पाहिला. कोरडं. बल्ब विझलेला. बुधवारी सकाळी मी चालू केली, एका झटक्यात लागली.

मी चावी घेऊन आत आलो आणि टीव्हीजवळच्या खिळ्याला अडकवली, जिथे ती पूर्वी असायची. वडील अंघोळ करून, बोरसीला जायला तयार होऊन बसले होते. चावीकडे त्यांनी पाहिलं पण हात लावला नाही.

"घ्या न बाबा," मी म्हणालो.

"मी नाई काढली तिथून," ते म्हणाले. "ज्यानं काढली त्यानं द्यावं."

ते रागाने बोलत नव्हते. ते नियम सांगत होते, जसा मी पोरांना सांगतो. मी चावी खिळ्यावरून काढली आणि त्यांच्या हातात दिली. दुसरी चावीही कपाटातून आणून दिली. त्यांनी दोन्ही खिशात घातल्या, आत्यासाठी बायकोने दिलेला डबा घेतला आणि निघाले. शेडमधून गाडी बाहेर काढताना त्यांनी आरशात बराच वेळ पाहिलं, नेहमी बघतात तसं.

संध्याकाळी ते परतले तेव्हा मी ड्यूटीवरून येऊन अंगणात उभा होतो. गाडी लावून ते आत गेले. मी सहज काचेतून डोकावलो. लाइटच्या दांड्याला एक नवी लाल पट्टी बांधली होती. आता तिची गरज नाही, हे त्यांनाही माहीत आहे. मी तिला हात लावला नाही.